साडेसातचा चार्ज

"आजोबा, इथे तुम्ही चार तास लिहिलंय. पाऊण तास आहे. अर्जात खोटं नको ने?" ऋजुता म्हणाली, बडोद्याच्या मराठीतल्या त्या गुजराती 'ने'सकट, आणि हे म्हणताना तिची मानसुद्धा वर झाली नाही. तिच्या मांडीवर माझा फुलस्केप कागद होता, हातात मोबाईल होता आणि दोन्ही अंगठे गुजराती अक्षरांवरून भराभर चालले होते. मी समोर बसून वाटाणे सोलत होतो. एक शेंग बोटांत तशीच राहिली. गेली तीन वर्षं माझे सगळे कागद हीच टाइप करते. पेन्शनचं पत्र, गॅसवाल्याची तक्रार, शाळेच्या माजी विद्यार्थ्यांना आभाराची चिठ्ठी. मी मराठीत लिहितो, ती वाचत वाचत गुजराती करते. शहात्तर वर्षं बडोद्यात काढली, गुजराती बोलताना मला कुणी परका म्हणणार नाही, पण सरकारदरबारी लिहायची गुजराती माझ्या हाताला कधी वळली नाही. म्हणून सकाळी चष्मा पुसायला द्यावा तितक्या सहज मी तो कागद तिच्या हातात दिला होता. मुलांना बिघडवणाऱ्या त्या मोबाईलवरच्या मारामारीच्या खेळावर राजकोटात बंदी आली होती. ती बडोद्यातही लवकर यावी म्हणून आमच्या हरणीच्या सोसायटीतर्फे पोलिस आयुक्तांना द्यायचा अर्ज होता तो. त्यातलं तिसरं कलम तिच्याबद्दल होतं. हे मला माहीत होतं, मीच लिहिलं होतं, आणि तरी कागद तिच्याकडे देताना ते माझ्या मनात आलं नाही. हे कसं झालं, याचं उत्तर मी अजून शोधतो आहे.

तिसऱ्या कलमात तिचं नाव नव्हतं. 'आमच्याच सोसायटीतील एका सुशिक्षित कुटुंबातील आठवीतील मुलगी रोज चार चार तास दार लावून हा खेळ खेळते. तिच्या तोंडी अष्टौप्रहर मारण्या-मरण्याची भाषा असते. पालकांचा धाक उरलेला नाही. हृदयशून्यतेकडे होणारे हे अधःपतन शासनानेच रोखावे.' लिहिताना मला ती वाक्यं चांगली वाटली होती. अधःपतन या शब्दावर तर मी जरा थांबलोही होतो. "अधःपतनला गुजरातीत पण अधःपतनच म्हणतात ना?" ऋजुताने विचारलं. मी हो म्हटलं. "आणि चारचं पाऊण करू?" कर, म्हटलं. "दार चार तास बंद असतं, ते बरोबर आहे," ती म्हणाली, जणू माझी बाजू सावरून घेत होती, "पण त्यात मी अभ्यास करते, आणि थोडा वेळ झोपते पण." मग चौथं, पाचवं कलम, आपले विश्वासू, सह्या. "झालं. प्रिंट बाबा काढून आणतील." कागदाची घडी तिने माझ्या घडीवरच बरोबर घातली, वाटाण्याची टरफलं उचलून नेली, आत गेली आणि दार लावलं. आपटलं नाही. चाळीस वर्षं मुलांमध्ये काढलेल्या माणसाला दारांची भाषा कळते. आपटलेल्या दारामागचं मूल आपल्याशी भांडत असतं, म्हणजे अजून आपलं असतं. हे दार पाहुण्यांसाठी लावावं तसं हलक्या हाताने लागलं.

आमच्या घराण्याला अर्जाची खोड आहे. बडोद्यातल्या जुन्या मराठी घरांत ती असतेच. नळाला पाणी आलं नाही, शेजाऱ्याचं झाड कुंपणावर आलं, आंबा आंबट निघाला, की लिहा अर्ज. आमचे पूर्वज संस्थानच्या चाकरीत होते. दौत-लेखणीने जग सुधारतं हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. माझे आजोबा गोविंदराव शिक्षण खात्यात होते. महाराजांनी सक्तीच्या शिक्षणाचा कायदा केला आणि मुलांना शाळेत न पाठवणाऱ्या आईबापांना दंड करायचं काम ज्यांच्याकडे आलं, त्यांतले ते एक. वाडीतल्या एका रंगाऱ्याची गोष्ट आमच्याकडे लग्नामुंजीत सांगितली जाई. रंगारी मुलीला शाळेत पाठवीना. गोविंदरावांनी दंड ठोठावला, आणि मुलगी शाळेत आली. पुढे तीच मुलगी शिक्षिका झाली. गोष्ट एवढीच. ती ऐकत मी मोठा झालो आणि मास्तर झालो. पालकांना पालक कसं व्हायचं ते सरकारने शिकवावं लागतं, हे माझ्या मनात पक्कं बसलं ते तिथून. एकदा मीही ते करून दाखवलं होतं. एक्क्याण्णव साली आम्ही दांडिया बाजारात राहत होतो. आमच्या शाळेच्या गल्लीत एकाने व्हिडिओ गेमचं दुकान टाकलं. काळ्या पडद्यामागे पाच-सहा मशीन, आतून गोळ्यांचे आवाज, आणि माझ्या वर्गातली निम्मी मुलं तिथे. मी अर्ज लिहिला, एकशे दहा पालकांच्या सह्या घेतल्या, आणि दीड महिन्यात दुकान उठलं. शाळेने मला श्रीफळ दिलं. त्या दिवशी घरी आलो तेव्हा अविनाश, माझा मुलगा, चौदा वर्षांचा, पाटावर बसून आमटी-भात खात होता. मी श्रीफळ देवापुढे ठेवलं. त्याने ते पाहिलं आणि पुन्हा आमटीत बोट फिरवलं. कमला, माझी पत्नी, म्हणाली, "दमलाय हो तो, सायकल फार चालवतो हल्ली." हे वाक्य मला का आठवावं? कमलाला जाऊनही आता चार वर्षं झाली.

मी काहीच कारण नसताना ते तिसरं कलम लिहिलं नव्हतं. रोज संध्याकाळी साडेसातला, मी फिरून आल्यावर चपला काढत असताना, त्या बंद दारातून तिचा आवाज येई. "चार मारले. नाही, एक लांबून. मग मी मेले. तिसऱ्या नंबरवर. हो, मागून आला तो." सपाट, हिशेबी आवाज. मी बाहेर एका पायावर उभा असायचो, एक चप्पल हातात. ही तीच मुलगी, जिला मी याच बोटांनी अ गिरवायला शिकवलं. 'क्ष' काढताना तिचा हात अडायचा म्हणून आम्ही दोघांनी मिळून 'क्ष'ला एक शेपटी आणि एक पोट ठरवलं होतं. ती बाहेर आली की मी तिच्या चेहऱ्याकडे चोरून बघायचो, आणि तिथे काही दिसायचं नाही. घामेजलेली, वेणी सुटलेली, भूक लागलेली. तेच मला भयंकर वाटायचं. अविनाश रिफायनरीत शिफ्टला, नसेल तेव्हा आपल्या खोलीत झोपलेला असं मी धरून चालायचो; सून स्नेहलता एका लॅबोरेटरीत, ती आठच्या आत घरी येत नाही. मी एकटा. एकटा आणि दाराबाहेर. दार वाजवावं असं एकदाही वाटलं नाही असं नाही. पण वाजवून विचारायचं काय? आणि अर्ज लिहिणं सोपं असतं. त्यात समोरच्याचा चेहरा नसतो.

त्या दिवशी अविनाशची सकाळची शिफ्ट होती. प्रिंट घेऊन तो माझ्या खोलीत आला तेव्हा अजून शर्टाला प्लँटचा तो गोडसर तेलकट वास होता. उभ्या उभ्याच त्याने कागद वाचला. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिलो.

"बाबा, हे तिने टाइप केलं?"

"हो."

"पूर्ण? तिसऱ्यासकट?"

"एक दुरुस्ती केली. चार तासांचे पाऊण केले."

मला वाटलं होतं तो चिडेल. त्याच्या तोंडावर हळूहळू हसू पसरलं, आणि ते माझ्यासाठी नव्हतं. तसं हसू मी पालकांच्या चेहऱ्यावर बक्षीस समारंभात पाहिलं आहे. "मीटरचं रीडिंग खोटं लिहायचं नाही, हे पोरीला कळलं," तो म्हणाला. मग घड्याळाकडे बघून, "सातला पाच कमी आहेत. आत चला बाबा." कुठे, म्हटलं. "चला तर खरे. तुम्ही कधी आत आलाच नाहीत."

ऋजुताने मला पाहिलं आणि पलंगावर सरकून जागा केली. फार अदबीने. उशीसुद्धा मागे लावून दिली. ती अदब मला टोचली. काल आलो असतो तर "आजोबा, पाय वर घ्या, मुंग्या आहेत," असं खेकसली असती. बाप-लेक आपापले फोन घेऊन भिंतीला टेकले. विमानातून उड्या पडल्या, खाली हिरवी बेटं, ओसाड घरं. चाळिशी ओलांडलेला माझा मुलगा, ज्याच्या हाताखाली वीस माणसं काम करतात, तो एका घराच्या न्हाणीघरात दडून बसला होता. "बाबा, तिथून हलू नका. मी बघते." "अगं पण मला बंदूक तरी दे." "मागच्या वेळी दिली तर तुम्ही मलाच मारलं." "चुकून ग." "म्हणूनच देत नाही." तो तरी हललाच, खिडकीशी गेला, आणि कुठूनतरी गोळी आली. त्याचा माणूस गुडघ्यांवर रांगायला लागला. ऋजुता बरीच पुढे पोचली होती, एका झाडामागे, सुखरूप. मला खेळातलं काही कळत नाही, पण झाडामागे ती सुरक्षित आहे आणि मध्ये मोकळं मैदान आहे, एवढं कुणालाही कळलं असतं. ती वळली आणि मैदानातून सरळ मागे धावली. त्याच्यापाशी बसली. त्याला उठवायला काही सेकंद लागतात म्हणे. ते पुरे व्हायच्या आत दोघंही मेली. "काय ग, कशाला आलीस?" अविनाश म्हणाला. "असंच," ती म्हणाली आणि वेणीचं टोक चावत बसली. मी माझ्या गुडघ्यांकडे बघत होतो. हृदयशून्यता हा शब्द मी त्याच गुडघ्यावर पॅड ठेवून लिहिला होता.

मला तो खेळ आवडला नाही. आजही आवडत नाही. रक्ताच्या जागी उडणारा तो हिरवट फवारा, पडलेल्या माणसाच्या पेटीतून त्याच्या वस्तू काढून घेणं, हे मुलीने रोज पाऊण तास पाहावं असं मला वाटत नाही, आणि हे मी अविनाशला म्हटलंही. "मलाही नाही वाटत," तो म्हणाला. पण तेव्हा साडेसात वाजले होते आणि ऋजुताने टेबलावरून लांबट, लाल कापडी पुठ्ठ्याचं एक रजिस्टर काढलं. मांडवीजवळच्या दुकानात मिळतं तसलं. पट्टीने आखलेले रकाने. तारीख. वेळ. आत कोण होतं. काय झालं. असामान्य. आणि शेवटी दोन सह्या, देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची. "हा तिचा चार्ज," अविनाश म्हणाला. रिफायनरीत कुणी आपली वेळ संपली म्हणून उठून जात नाही. पुढच्या पाळीचा माणूस येतो, त्याला आठ तासांत काय काय झालं ते सगळं सांगायचं, कुठला पंप आवाज करतो, कुठला व्हॉल्व्ह गळतो, आणि त्याने सही केली की मग सुटायचं. तो आलाच नाही तर सोळा तास बसायचं, पण जागा सोडायची नाही. फोन हातात घेताना ऋजुताची पाळी सुरू होते, साडेसातला ती चार्ज देते आणि फोन बापाच्या हातात ठेवते. तो घरी असला तर समोर. दुपारच्या पाळीला असला तर ती घरच्या लँडलाइनवरून कंट्रोल रूमला फोन लावते, कारण मोबाईल आत न्यायला परवानगी नाही. त्या लँडलाइनचं एक यंत्र तिच्या खोलीत आहे. ती काढून टाकू या, फुकट बिल येतं, असं मीच दोनदा म्हटलं होतं.

चार मारले. मग मी मेले. मागून आला तो. ती हे सगळं बापाला सांगत होती. आणि मी दाराबाहेर एका पायावर उभा राहून त्या मुलीचं अधःपतन ऐकत होतो.

मी रजिस्टर मागितलं. तिने दिलं, पण एक बोट पानावर तसंच ठेवलं, जणू मी ते घेऊन पळेन. वही तपासायची माझ्या हाताला सवय. मी मागून सुरुवात केली. तिचं अक्षर घाईचं, 'क्ष'ला मात्र अजून शेपटी आणि पोट. 'असामान्य : बाबा पहिल्याच मिनिटाला मेले.' त्यापुढे अविनाशच्या अक्षरात, 'हे असामान्य नाही. सामान्यमध्ये लिहावे.' 'असामान्य : आज मी हरल्यावर फोन फेकला. पलंगावर. फुटला नाही. उद्या खेळणार नाही, माझं मीच ठरवलं.' आणि बारा फेब्रुवारीला, 'असामान्य : एका अनोळखी खेळाडूने विचारलं, कुठल्या शाळेत आहेस, फोटो पाठव. पाठवला नाही. बाबांना फोनवर सांगितलं. ब्लॉक केला. बाबा म्हणाले, शाब्बास, घाबरू नकोस, मी आल्यावर परत बघू.' खाली दोन सह्या. अविनाशच्या सहीखाली नंतरच्या दुसऱ्या शाईत, 'घरी आल्यावर पाहिले. ठीक.' बारा फेब्रुवारीला मी काय करत होतो? त्याच संध्याकाळी मी सोसायटीच्या धनाजीरावांच्या दिवाणखान्यात बसून अर्जाचा मसुदा करायचं कबूल करत होतो. माझी नात एका नको त्या माणसाला दारातून परतवत होती, आणि तिच्या बापाने तिला ते सांगायला एक जागा आखून ठेवली होती, पट्टीने. तेवीस वर्षं मी वर्गशिक्षक होतो, किती पालक सभा घेतल्या, किती भाषणं दिली, मुलांशी संवाद साधा. रकाना आखून द्यावा हे मला सुचलं नव्हतं.

"पण मुळात द्यायचाच कशाला?" मी अविनाशला बाहेर आल्यावर विचारलं. बाल्कनीत तो कपडे काढत होता. दोरीवरून एकेक चिमटा काढून तो शर्टाच्या खिशात टाकत होता. "तिच्या वर्गातल्या सगळ्या खेळतात, बाबा. मी नाही म्हटलं असतं तर ती पाणीगेटला गेली असती." पाणीगेटला काय आहे, म्हटलं. त्याने आणखी एक चिमटा काढला. "तुम्ही दांडिया बाजारातलं ते दुकान बंद केलंत ना, श्रीफळ मिळालं, तेव्हा पाणीगेटला दुसरं होतं. जास्त अंधारं. मोठी पोरं असायची तिथे, काय काय चालायचं. मी दीड वर्ष तिथे जात होतो. सायकलवर. आईला माहीत होतं." चिमटे त्याच्या खिशात वाजले. "दांडिया बाजारातलं दुकान निदान तुमच्या शाळेच्या वाटेवर होतं. मला रोज वाटायचं, आज बाबा पडदा बाजूला करून आत येतील. मारतील, पण येतील तरी." त्याने हे रागाने म्हटलं नाही. कुठल्या पंपाचा आवाज येतो ते सांगावं तसं म्हटलं, चार्ज देताना. मग टॉवेल माझ्या खांद्यावर टाकून म्हणाला, "आंघोळ करून घ्या, स्नेहल आली की गीझर तिला लागेल."

माझा मुलगा अभ्यासात मध्यम होता. मी त्याला कधी शाब्बास म्हटल्याचं आठवत नाही; घरच्या मुलाची स्तुती मास्तरने करू नये असं मला वाटे. आंघोळीला बसलो तेव्हा तांब्या हातात तसाच धरून मी त्या रजिस्टरच्या रेषा आठवत होतो. सरळ, एकसारख्या अंतराच्या. रात्रपाळी करून आलेल्या माणसाने दुपारी न झोपता आखलेल्या असणार. आणि पाण्याच्या आवाजात मला माझ्या आईचा आवाज आला. रंगाऱ्याची गोष्ट पुरुष मंडळी दंडावर संपवत. आई भांडी पुसता पुसता पुढचं सांगायची, आणि तोवर कुणी ऐकत नसे. दंड झाला, आणि रंगाऱ्याने तो मुकाट भरला. दुसऱ्यांदा झाला, तोही भरला. मुलगी घरीच. मग गोविंदराव स्वतः सकाळी कचेरीत जाण्याआधी वाडीत जाऊन त्याच्या दारात बसायला लागले. रंगाने निळे झालेले त्या माणसाचे हात बघत, काही न बोलता. नवव्या की दहाव्या दिवशी रंगारी म्हणाला, साहेब, शाळेची वाट लांब, पोरीला एकटी कशी धाडू? गोविंदराव म्हणाले, मी त्याच वाटेने जातो. वर्षभर ते तिला बरोबर घेऊन गेले. कायद्याशिवाय ते त्या दारात गेले नसते, हेही खरंच. पण मुलगी आली ती दंडाने आली नाही. हे सगळं मला माहीत होतं. लहानपणापासून माहीत होतं. मी अर्धीच गोष्ट घेऊन जन्मभर हिंडलो.

रविवारी सकाळी क्लबहाउसमध्ये सह्यांसाठी सभा होती. ऋजुता तीन दिवस माझ्याशी चांगली वागत होती. चष्मा पुसून देत होती, विचारलं तेवढं सांगत होती. मला फक्त एवढंच हवं होतं की तिने पुन्हा एकदा माझ्यावर खेकसावं, आणि ते कसं मिळवायचं हे मला ठाऊक नव्हतं. शनिवारी मी तिला हाक मारली, अर्जाचा नवा कागद पुढे ठेवला. "एक कलम बदललंय. टाइप करशील?" तिने वाचलं. पुन्हा वाचलं. "हे असं अर्जात लिहितात?" नाही लिहीत, म्हटलं. तिचे अंगठे चालू लागले.

सभेत धनाजीराव, आमचे अध्यक्ष, सरदार घराण्यातले, आवाज अजून दरबारी, अर्ज मोठ्याने वाचू लागले. पहिलं कलम, दुसरं कलम. मग ते अडखळले. "'तिसरे : वरील बंदी यावी अशी आमची विनंती आहे, कारण काही घरांत संध्याकाळी मुलांपाशी बसायला कुणी नसते. तथापि बंदी आली तरी त्या मुलांची संध्याकाळ रिकामीच राहील. सबब, साडेपाच ते साडेसात या वेळात क्लबहाउसमध्ये मी स्वतः बसेन. मुलांनी काय खेळले, काय पाहिले, हे मला सांगावे. मी रागावणार नाही. दत्तात्रेय, निवृत्त शिक्षक.' मास्तर, हे काय हो? अर्ज आपण सरकारला करतोय. तुम्ही तर स्वतःलाच केलात!" सगळे हसले. मीही हसलो. कुणीतरी म्हणालं, पालकांनी लक्ष दिलं तर सरकारचं कामच काय, आणि दुसरं कुणी म्हणालं, बापांना अक्कल असती तर सरकार कशाला हवं होतं, आणि त्या दोघांची जुंपली. दोघांचंही मला पटत होतं. मागच्या रांगेतून हंसाबेन उठल्या. त्यांचं आणि त्यांच्या नवऱ्याचं फरसाणचं दुकान, रात्री नऊशिवाय सुटका नाही, घरी दोन मुली. "मास्तरसाहेब, सरकार बंध करे तो अमने निरांत," त्या म्हणाल्या, सरकारने बंद केलं तर आम्ही निश्चिंत, आणि थांबून, "पण साचे बेसशो? रोज?" खरंच बसाल? सभागृहातल्या कुणी मला इतका अवघड प्रश्न विचारला नव्हता. मी ऋजुताकडे बघितलं. ती दाराशी पेन घेऊन सह्यांच्या कागदापाशी उभी होती. "आजोबा, मोठ्याने बोला ने," ती खेकसली, "मागे ऐकू नाही येत!"

अर्ज दिला. त्याने काही झालं की आधीच ठरलं होतं, कुणास ठाऊक. आठवड्याभरात आमच्या शहरातही बंदीचा जाहीरनामा निघाला आणि खेळ बंद झाला. अविनाशने वर्तमानपत्र ऋजुतापुढे ठेवलं. "कायदा आहे. काढून टाक." तिने ओठ चावला, आणि काढून टाकला. थोडी रडली, पण बापासमोरच.

दुसऱ्या दिवशी अविनाश दुपारच्या पाळीला होता. मी क्लबहाउसमधून परत आलो. हंसाबेनच्या मुली आणि आणखी तिघं, पाच जणांनी माझं डोकं खाल्लं होतं. चपला काढत होतो तोच ऋजुताने दार उघडलं. हातात रजिस्टर. साडेसात वाजत होते. "आता कशाला ग? खेळ तर बंद," मी म्हटलं. तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी वर्गातला सगळ्यात ढ मुलगा आहे. "बाबा म्हणाले, प्लँट शटडाउनला असला तरी शिफ्ट चालूच असते. या आत."

मी आत गेलो. तिने लँडलाइन फिरवली. "बाबा, चार्ज देते. आज खेळ नाही. सहा ते सात बीजगणित. असामान्य, मीराने मला ग्रुपमधून काढलं, मी रडले नाही, पण रडेन बहुतेक. घ्या, आजोबांशी बोला." रिसीव्हर माझ्या हातात आला. पलीकडे प्लँटची एकसुरी घरघर होती, खूप लांबची, समुद्रासारखी. "चार्ज कोणी घेतला?" अविनाशने विचारलं.

"मी."

शाब्बास, मला म्हणायचं होतं. अठ्ठावीस वर्षं उशिरा म्हणायचं होतं. पण तो शब्द फार लहान वाटला. "अविनाश," मी म्हटलं, "रेषा फार सरळ आखल्यास रे."

तो खाकरला. "सही करा बाबा," तो म्हणाला, "म्हणजे मी सुटलो."

ऋजुताने पेन पुढे केलं. मी सही करायला वाकलो तेव्हा बाकीचे रकाने तिने आधीच भरून ठेवले होते. 'आत कोण होतं' या रकान्यात, शाई अजून ओली, एकच शब्द होता. आजोबा.